सोमवारपासून

लेबलं तपासतो मी, वागळे इस्टेटला, रोड नंबर बावीसवर.
लोणच्याची, पापडाची, शेवेच्या पाकिटांची.
घटक: कैरी, मीठ, तेल, मोहरी, हिंग.
निव्वळ वजन. अमुक तारखेपूर्वी वापरावे.
साडेबारा वाजले की अक्षरांना वास सुटतो.

एकला फाटकाबाहेर, द्वारका भोईरच्या टेबलाशी,
उभ्या उभ्या दोन चपात्या, भाजी, आमटी-भात.
नव्वद रुपये. अंड्याचे वेगळे.
पाच वर्षं. मला वांगं चालत नाही
हे जगात दोघींनाच ठाऊक, आई आणि ती.

हिशेब अंकलगीने मांडला, मी नाही.
चहाचा डाग पडलेल्या चलनामागे:
नव्वद गुणिले पंचवीस, अधिक शुक्रवारची कोळंबी,
अधिक जाता जाता चिक्की.
वर्षाचे बत्तीस हजार.
"खाऊन टाकलेस, भाऊ," तो म्हणाला.
खाण्याचेच होते की,
हे म्हणायचं राहून गेलं.

तर सोमवारपासून डबा.
कळव्याच्या खोलीत पहाटे साडेपाचला
कुकरसमोर मी,
देवरुखला फोन लावून शिट्ट्या विचारत.
बटाटा एका अंगाने काळा.
चपात्या कडेला कडक, मध्ये कच्च्या,
कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवून आलेल्या.
झाकण बसेना म्हणून रबरबँड,
छापखान्यातलाच, गठ्ठे बांधायचा.
स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून पूल ओलांडला.
खाडीचा वास आणि बटाट्याचा वास
कोर्ट नाक्यापर्यंत भांडत आले.

तीन दिवस वरच जेवलो,
गठ्ठ्यांच्या खोलीत, दार लोटून.
समोर काहीतरी वाचायला हवं म्हणून
डब्यालाच मनातल्या मनात लेबल लावलं.
घटक: बटाटा, मीठ (दोनदा), हळद, घाई.
बचत: रुपये दोनशे सत्तर.
खालून "आणखी वाढू का" ऐकू यायचं
आणि माझं चावणं थांबायचं,
उधारी बुडवून लपलेल्या माणसाचं थांबेल तसं.

गुरुवारी माल उशिरा आला.
जेवायला सवड झाली तेव्हा तीन वाजून गेलेले.
म्हटलं, आता ती गेली असेल, खाली मोकळ्यावर बसू.
टेबल पुसून भिंतीला टेकवलेलं होतं
आणि शेजारी कट्ट्यावर, चपला काढून,
द्वारका जेवत होती.
तीन मजली स्टीलचा डबा.
तांदळाची भाकर, बोंबलाचं कालचं कालवण, गार.
पायाशी पातेल्यात वाटीभर भाजी तशीच.

"ही नाही खात?"
"ती विकायची हाय. सत्तर माणसांचं रांधलं
का वासानीच पोट भरतं. मंग घरचंच लागतं."

कुठे होतास, विचारलं नाही तिने.
माझ्या हातातल्या रबरबँडकडे बघून म्हणाली, "उघड."
काळी फोड नेमकी तीच उचलली,
चावली, थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली.
"तुझी कढई पातळ हाय."

एवढंच.
मग माझ्या झाकणात अर्धी भाकर आली, वर कालवण.
मी कट्ट्यावर टेकलो.
पाच वर्षांत तिथे बसलो नव्हतो कधी.
बोंबलाचा काटा दाताखाली मऊ,
समोर टेम्पोवाला मागे घे, मागे घे ओरडतोय.
जेवण झाल्यावर हात सवयीने खिशात गेला.
ती त्या हाताकडे बघत राहिली,
तो रिकामा बाहेर येईपर्यंत.

आता सोमवार ते गुरुवार डबा. तीनला. कट्ट्यावर.
शुक्रवारी एकला टेबलाशी, कोळंबी, एकशे तीस, रोख.
शुक्रवारी ती मला ओळख दाखवत नाही फारशी,
गर्दी असते.

अंकलगी विचारतो, वाचले किती?
जांभळी नाक्यावरून जाड बुडाची कढई आणली, साडेआठशेला.
ती बचतीत धरायची की खर्चात,
ह्यावर त्याचं पेन अजून अडून आहे.